नणंदेचं इंग्रजी

लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती, की मुलीला पुढे बी.एड. करू द्यायचं. सासऱ्यांनी भर बैठकीत मांडीवर थाप मारून होकार दिला. बैठकीतल्या शब्दाला लग्नानंतर किती किंमत असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वडिलांना माहीत होतं, पण त्यांनी नसल्यासारखं केलं, असं मला आजही वाटतं. मी जळगावची, मेहरूणची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. सासर धुळ्याला, जुन्या गावातल्या एका अरुंद गल्लीत. एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढच्या खोलीत सासरे बसत, मधल्या खोलीत घर चाले, आणि मागे स्वयंपाकघर होतं, तिथे मी.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूबाईंना अक्का. माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. दहाला जात, सहाला येत, आणि आबांसमोर त्यांचा आवाज माझ्याइतकाच निघे, म्हणजे निघतच नसे. या तिघांखेरीज घरात एक नणंद होती. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद. मी तिला ताई म्हणे आणि अहो-जाहो करी. ती मला वहिनी म्हणे आणि तीही अहो-जाहोच करी. दोघी मिळून भांडी घासताना हा मानपान मोठा मजेशीर दिसत असणार.

त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे आणि त्यांच्यासमोर जातही नसे. हे काही आमच्याच घरचं वेड नव्हतं, गल्लीतल्या निम्म्या घरांत तेच होतं. आबांना मला काही सांगायचं असलं, की ते पुढच्या खोलीतून अक्कांना सांगत. मी मधल्या दाराआड सहा पावलांवर उभी असे आणि मला शब्दन् शब्द ऐकू येई. तरीही अक्का दारात येऊन तेच मला पुन्हा सांगत. मला काही म्हणायचं असेल तर ते अक्का पुढे नेत. मी काहीच म्हटलं नाही, तर तो होकार समजला जाई. ‘नाही’ पुढे नेण्याची सोय त्या व्यवस्थेत केलेलीच नव्हती. पहिले काही दिवस मला हसू यायचं. नंतर ते येईनासं झालं.

मे महिन्यात माझं लग्न झालं आणि जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. ताई इंग्रजीत नापास झाली होती. पहिल्यांदा नव्हे, तिसऱ्यांदा. बाकीचे सगळे विषय तिचे पहिल्याच खेपेला सुटले होते, गणितसुद्धा, आणि तेही बऱ्या मार्कांनी. एक इंग्रजी तेवढं तिला सोडत नव्हतं. त्याच आठवड्यात माझ्या हातात जळगावच्या बी.एड. कॉलेजचं पत्र पडलं, जागा मिळाली म्हणून. मी ते यांना दाखवलं, यांनी आबांना दाखवलं. मी दाराआड जाऊन उभी राहिले.

“घरमां इंग्रजीनी बी.ए. बशेल शे, आनि पोर इंग्रजीमां नापास!” आबा अक्कांना म्हणाले. “मंग ती डिग्री काय लोनचामां टाकनी शे का? आगोदर घरनी पोर पास करा म्हना, मंग जा म्हना बी.एड.ले.”

अक्का दारात आल्या. “आबा म्हनतस, आगोदर ताईले पास करा,” त्या म्हणाल्या. लोणच्याचं त्यांनी गाळलं, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

मी गप्प राहिले. म्हणजे ‘हो’ म्हणाले.

घाई आबांना होती, आणि तिचं कारण पाचोऱ्याला होतं. तिथल्या एका आडत्याच्या घरचं स्थळ ताईला सांगून आलं होतं. शेती, आडत, दुमजली घर, सगळं जिथल्या तिथे. त्या घरातल्या थोरल्या दोन्ही सुना मॅट्रिक होत्या, म्हणून धाकटीही मॅट्रिकच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. नातं लांबचं का होईना पण ओळखीतलं, म्हणून ते थांबले होते. पोरगी पास झाली की सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. सगळ्यांचंच घोडं एका इंग्रजीपाशी अडलं होतं, ताईचं आणि माझंही.

मी शिकवायला बसले. दुपारी दोन ते चार आबा झोपत, तेवढा वेळ आम्हाला मोकळा मिळे. स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीला टेकून ताई बसे आणि मी तिच्यासमोर पाटावर. वाचन, पत्र, निबंध हे सगळं तिनं पाठ करून टाकलं होतं. घोडं अडायचं ते व्याकरणात, आणि व्याकरणातही एका ठिकाणी, प्रेझेंट परफेक्टमध्ये. म्हणजे जे करून झालेलं आहे पण ज्याचा आजशी संबंध सुटलेला नाही, तो काळ. त्याच्याबरोबर काही ठरावीक शब्द येतात, जस्ट, ऑलरेडी, यट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर. आपल्या मराठीत ‘आत्ताच’ हा शब्द कुठेही बसवा, तो कुरकुर करत नाही. मी आत्ताच जेवले, आत्ताच जेवले मी, जेवले मी आत्ताच. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे प्रत्येकाचा पाट ठरलेला असतो, लग्नाच्या पंगतीत व्याह्यांचा असतो तसा. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर यांनी हॅव-हॅजच्या नंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी बसायचं. यटनं नकार किंवा प्रश्न असेल तेव्हा यायचं आणि वाक्याच्या शेवटी बसायचं. सिन्सच्या पुढे सुरुवात कधी झाली ते सांगायचं, फॉरच्या पुढे किती काळ लोटला ते.

उदाहरणं मी घरातलीच घेई, पुस्तकातल्या त्या साहेबाच्या पोरांची नावं आणि त्यांचे कुत्रे आमच्या काय कामाचे! अक्का हॅज ऑलरेडी टेकन टी. आबा हॅज नॉट वोकन अप यट. हे दुसरं वाक्य आम्ही अगदी हळू आवाजात म्हणायचो, कारण ते खरं राहणं आम्हाला गरजेचं होतं. सिन्स आणि फॉरसाठी मी माझंच उदाहरण दिलं. आय हॅव बीन इन धुळे सिन्स मे. आय हॅव बीन इन धुळे फॉर थ्री मन्थ्स. दर महिन्याला ताई वहीत थ्री खोडून फोर करी, फोर खोडून फाइव्ह करी. उदाहरण म्हणून ते मला चांगलं वाटलं होतं. पण तो आकडा वाढताना बघून पुढे पुढे मी ते वाक्य टाळायला लागले.

ताई ऐके, मान हलवी, समजलं म्हणे, आणि वहीत यट आणून वाक्याच्या तोंडाशी बसवी. सिन्सच्या पुढे टू इयर्स लिही, फॉरच्या पुढे मंडे. मी पुन्हा सांगे. ती पुन्हा मान हलवी. पालथ्या घड्यावर पाणी! चिडायचं नाही असं मी रोज सकाळी ठरवी आणि रोज तीन वाजता चिडे. एकदा तर मी तिची वही कोठीवर आपटली. ती वाकून वही उचलत शांतपणे म्हणाली, “वहिनी, माले नही येस ते नही येस.” माझा मलाच राग आला. मठ्ठ मुलीवर ओरडणारी ही बाई उद्या शाळेत पन्नास पोरांना काय शिकवणार, असं वाटलं.

ऑक्टोबरची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा थंडी पडली होती. ताईला चोवीस मार्क होते.

आबा मला काही बोलले नाहीत. अक्कांकरवीही बोलले नाहीत, हे जास्त वाईट होतं. बोलल्या त्या अक्का, आणि आपल्या मनचंच बोलल्या. पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, “जाऊ दे वं माय. आते पाळना हालू दे घरमां. बी.एड. काय पळी जास का?” त्या प्रेमानंच बोलल्या होत्या. पण पाळणा हलला की बी.एड. कायमचं गेलं, हे त्यांना कळत होतं तेवढंच मलाही कळत होतं. कॉलेजनं जागा एकच वर्ष राखून ठेवली होती, पुढच्या जूनमध्ये घेतली नाही तर ती मला पुन्हा मिळणार नव्हती. माझ्याबरोबर बी.ए. झालेली एक मैत्रीण जळगावच्या शाळेत लागली होती आणि पत्रातून शाळेच्या गमती लिहीत होती. ती पत्रं मी वाचून पिठाच्या डब्यामागे ठेवून देई. मला त्या घरात कोंडल्यासारखं होत होतं. मारहाण नाही, उपास नाही, सासुरवास म्हणावा असं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून माहेरी तक्रारही करता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे बुक्क्या मारणारंही कुणी दिसत नव्हतं.

मार्चच्या परीक्षेला जेमतेम पंधरा दिवस राहिले होते. ऊन लवकर तापलं होतं म्हणून गल्लीतल्या बायकांनी होळीच्या आधीच बिबडे करायला काढले. ज्वारी भिजवून, भरडून, तीळ-लसूण-तिखट घालून शिजवायची, आणि तो घाटा ओल्या फडक्यावर हातानं थापून उन्हात टाकायचा, की वाळून पापडासारखे बिबडे होतात. हे काम एकटीदुकटीचं नव्हे. आज तुमच्या घरी तर उद्या आमच्या घरी, अशी पाळी असते. त्या दिवशी पाळी आमच्याकडे होती. पहाटेपासून आठ बाया राबत होत्या. दुपारी सगळ्या आपापल्या घरी गेल्या आणि ताई धाब्यावर, म्हणजे घरावरच्या मातीच्या गच्चीवर, बिबडे उलटवायला गेली. आज शिकवणीला सुट्टी, असं मीच तिला सांगितलं होतं.

थोड्या वेळानं मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढले. वर दोन आवाज येत होते. शेजारची दहावीतली मुलगी आपली वही घेऊन आली होती. ताई उकिडवी बसून बिबडे उलटवत होती आणि तिला शिकवत होती.

ती काय शिकवत होती ते मी जिन्यातल्या शेवटच्या पायरीवर उभी राहून ऐकलं. प्रेझेंट परफेक्ट. खाटेवरच्या अर्धवट वाळलेल्या बिबड्याकडे बोट करून ती म्हणाली, दे हॅव नॉट ड्राइड यट. पलीकडच्या कडक झालेल्या ढिगाकडे बोट केलं, दीज हॅव ऑलरेडी ड्राइड. मुलीनं तोंडात एक ओला बिबडा कोंबला, तर ताई हसून म्हणाली, यू हॅव जस्ट ईटन वन. मग सिन्स आणि फॉर. सिन्स मॉर्निंग, फॉर सिक्स अवर्स. एकही चूक नाही. शिवाय माझ्यापेक्षा चांगलं शिकवत होती, कारण त्या मुलीला ते पटापट समजत होतं आणि ताई एकदाही चिडली नाही.

मला एकदम तिच्या वह्या आठवल्या. ज्याला येत नाही, त्याचं दहा वाक्यांत एखादं तरी चुकून बरोबर येतं. ताईचं वर्षभरात एकही आलं नव्हतं. इतकं नेमकं चुकायला बरोबर काय ते पक्कं माहीत असावं लागतं. बी.ए. होऊन मला एवढं कळू नये!

शेजारची मुलगी मला बघून पळाली. ताई जागची उठली नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि आवाज चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. “माझं वर्ष खाल्लंत तुम्ही,” असं म्हणाले हे आठवतं. “मी तुमचं काय वाकडं केलं होतं?” असंही म्हणाले.

ती बिबडे उलटवत राहिली. मग म्हणाली, “पास व्हयनू ते लगीन. नापास व्हयनू ते सहा महिना. चार डाव सहा-सहा महिना लिधा मी.”

“पण इंग्रजीतच का?”

“इंग्रजीमां नापास व्हयनं का कोन्ही इचारस नही, वहिनी. बठ्ठासले वाटस, इंग्रजी शे, जाई. मराठीमां गयथू ते आबांनी मास्तरले जाईसन इचारं असतं.” एवढं बोलून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “आनि माले इंग्रजी बठ्ठासमां आवडस.” बठ्ठासमां, म्हणजे सगळ्या विषयांत जास्त.

पाचोऱ्याचं ते घर तिनं एकदा पाहिलं होतं, एका बारशाला गेलेली असताना. दोन्ही सुनांची मॅट्रिकची सर्टिफिकेटं पुढच्या खोलीत काचेत लावलेली होती आणि त्या दोघी दिवसभरात एकदाही त्या खोलीत आल्या नाहीत. तेवढंच तिनं मला सांगितलं. माणसं वाईट नव्हती, मुलगाही वाईट नव्हता. तिला कॉलेजात जायचं होतं. तसं ती एकदा आबांना म्हणालीही होती, नववीत असताना. आबा हसले होते आणि तिच्या हातावर पेढा ठेवला होता.

मी तिथेच गच्चीच्या तापलेल्या मातीवर बसले. माझा राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. ती सुटली तर मी अडकणार होते आणि मी सुटले तर ती अडकणार होती. दोघींना मिळून एकच दार, आणि त्यातून एकीनंच जायचं! मी अक्कांना सांगू शकत होते. मग आबांनी तिला पास-नापासाचा विचार न करता उन्हाळ्यात उजवून टाकली असती. गप्प राहू शकत होते. मग ती पाचव्यांदा नापास झाली असती आणि माझ्या घरात पाळणा आला असता. विचार करता करता मला तिसरंच सुचलं आणि मी ते बोलून गेले.

“तुम्ही पास व्हा,” मी म्हणाले. “चांगल्या मार्कांनी व्हा. मग मी आबांना सांगते, की ताईंना कॉलेजात घाला. अक्कांच्या तोंडून नाही. मी स्वतः बोलते. सगळं घर माझ्यावर खूश असेल तेव्हा ते माझं ऐकतील.”

“तुम्ही? आबासंगे बोलशात?”

“बोलेन.”

पुढचे दोन दिवस ती शेजारच्या घरी बिबडे थापायला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला कोठीला टेकून बसली आणि म्हणाली, “बरं.”

मी तिला फसवत नव्हते. हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारून झालं आहे, की आता उत्तरावर माझाच पूर्ण विश्वास राहिलेला नाही. पण त्या दुपारी मी खरं बोलत होते.

ते पंधरा दिवस त्या घरातले माझे सर्वांत चांगले दिवस होते. झाकलेली मूठ उघडल्यावर ताईला थांबवणं कठीण झालं. ती मला असले प्रश्न विचारी, की उत्तर द्यायला मला जुन्या वह्या काढाव्या लागत. या काळाबरोबर यस्टर्डे का चालत नाही, असं तिनं एकदा विचारलं. मी सांगितलं, की यस्टर्डे म्हटलं की तो दिवस संपला, त्याला कडी लागली. या काळाला कडी लागलेली चालत नाही, ज्याचा परिणाम अजून आजच्या दिवसात उरला आहे त्यालाच तो घेतो. तिनं ते वहीत मराठीतून लिहून घेतलं. एकदा मलाच तिनं इंग्रजीतून विचारलं, हॅव यू एव्हर स्पोकन टू आबा? मी म्हणाले, नो, आय हॅव नेव्हर स्पोकन टू हिम. तर बोट नाचवत म्हणाली, “नेव्हर नही, वहिनी. आय हॅव नॉट स्पोकन टू हिम यट, असं म्हना.” आम्ही तोंडाला पदर लावून हसलो, कारण पुढच्या खोलीत आबा कूस बदलत होते.

ती परीक्षेला गेली त्या सकाळी तिनं मला वाकून नमस्कार केला. नणंद भावजयीच्या पाया पडत नाही. अक्का बघतच राहिल्या.

जूनमध्ये निकाल लागला. ताईला इंग्रजीत बहात्तर मार्क होते. शाळेत गुणपत्रिका देणाऱ्या मास्तरांनी नाव पुन्हा वाचून खात्री करून घेतली म्हणे. गल्लीभर माझा उदो उदो झाला. ज्या चार मुली इंग्रजीत गटांगळ्या खात होत्या त्यांच्या आया मला भेटायला आल्या. आबांनी पेढे आणवले आणि जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत अक्कांना बोलावलं. मी दाराआड येऊन उभी राहिले. ताई माझ्या शेजारी उभी राहिली, इतकी जवळ, की तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आबा खुशीत होते. “सूनबाईले सांग,” ते म्हणाले, “आते बी.एड.नं फारम भरी टाक म्हना. मी शब्द दिधा व्हता, तो पाळस. पाचोरावालासले आजच निरोप धाडस, आषाढना आगोदर लगीन उरकी टाकूत.” मग थोडं थांबून त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. “सूनबाईनं काही म्हननं शे का, इचार. आज तिनं काहीबी मांगो.”

यापेक्षा सरळ संधी मला कुणी देऊ शकलं नसतं. दार उघडंच होतं. सहा पावलं होती. पदर सावरून पुढे व्हायचं आणि एक वाक्य बोलायचं. ते वाक्य मी तीन महिने मनात घोळवलं होतं. आबा, ताईंना कॉलेजात घाला. चार शब्द. फार तर ते ‘नाही’ म्हणाले असते. पण फार तर ते चिडलेही असते, आणि चिडून फॉर्मही नको म्हणाले असते. एका मिनिटापूर्वी मला मिळालेली गोष्ट पुन्हा पणाला लावायची होती, एवढाच प्रश्न होता.

अक्का दारात आल्या. “काय वं, काही म्हननं शे का तुनं?”

ताई माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं. माझ्या पायाच्या अंगठ्यापाशी फरशीला एक तडा गेला होता, तो मला अजून दिसतो. मला वाटलं मी श्वास घेतेय, आता बोलेन. अक्कांनी थोडी वाट पाहिली. त्यांनी घाई केली असं मला म्हणता येत नाही.

“काही नही म्हनस ती,” अक्का पुढच्या खोलीत जाऊन म्हणाल्या.

ताई माझ्याजवळून हलली आणि मोरीवर जाऊन जेवणाची भांडी घासायला बसली. मी तिच्याजवळ गेले. काहीतरी म्हणाले, उद्या बोलते, आबांना जरा निवांत बघून बोलते, असलं काहीतरी. ती राख लावत होती. “तुम्ही बोलशात असं माले वाटनं व्हतं,” एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडू शकले असते. मी तेव्हा रडले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्याचा आनंद झाला होता आणि तो तिला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं होतं.

फॉर्म यांनी दुसऱ्याच दिवशी जळगावहून मागवून आणला. संध्याकाळी मी तो मधल्या खोलीत बसून भरला. शेवटी पालकाच्या सहीची जागा होती. मी यांना म्हणाले, तुम्हीच करा. हे म्हणाले, “नको, आबांचीच घेऊ. नंतर कटकट नको.” आणि चपला घालून बाहेर पडले. अक्का शेजारी पेढे वाटायला गेल्या होत्या. मी सासऱ्यांसमोर जाऊ शकत नव्हते. फॉर्म हातात घेऊन मी दाराआड उभी राहिले.

ताईनं स्वयंपाकघरातून ते पाहिलं. हात पुसून आली, माझ्या हातातून फॉर्म घेतला, पेनचं टोपण काढलं आणि पुढच्या खोलीत गेली.

“कोठे करू?” आबांचा आवाज आला.

“आठे, आबा. या रेघवर.”

ती फॉर्मवर फुंकर घालत परत आली. मी तो घेऊन घडी घालायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

“शाई वल्ली शे, वहिनी,” ती म्हणाली. “पसरी जाई.”